सल्ला आणि दप्तर
विद्यापीठे आणि स्त्री-पुरुष समता : लेखांक सहावा

गेल्या आठवड्याच्या लेखांकात स्त्रिया महाविद्यालयाच्या दारापर्यंत कशा येऊन पोहोचल्या, याचा इतिहास आपण पाहिला. ते दार आज बऱ्याच अंशी उघडले आहे, हे मान्य केले पाहिजे. कारण २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशातील सुमारे ४ कोटी ३३ लक्ष विद्यार्थ्यांपैकी २ कोटी ७ लक्ष विद्यार्थिनी आहेत. परंतु त्याच सर्वेक्षणात अध्यापकवर्गापाशी येताच स्त्रियांचे प्रमाण शेकडा ४३ वर उतरते, आणि प्राध्यापकपदाच्या वरच्या श्रेणीकडे जावे तसतसे ते आणखी घटते. प्रवेश मिळणे आणि अधिकार मिळणे यांमधील हे अंतर कोठे व कशामुळे पडते याचा शोध घेऊन संस्थेच्या चालकांसमोर उपाययोजना मांडणे, हे समतेच्या सल्लागाराचे काम होय. त्या कामाचे स्वरूप आज दापोलीच्या आधाराने पाहू; कारण स्त्रीशिक्षणाच्या इतिहासातील एक थोर पुरुष याच तालुक्यातील मुरूडचा, आणि कोकणच्या शेतीचा विचार करणारे विद्यापीठही दापोलीतच.

धोंडो केशव कर्वे यांचे बालपण मुरुडात गेले. १८९३ साली त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा याच गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. समतेचा पक्ष घेणाऱ्यास विरोध प्रथम कोठून होतो, हे त्यांना अशा रीतीने आपल्याच माणसांत कळले. पुढे १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापिला, आणि १९१५ साली मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून महिलांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. ही कल्पना मांडताना जपानमधील महिला विद्यापीठाचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. अध्यक्षांची अशी भाषणे परिषदेच्या अहवालात छापली जातात आणि बहुधा तेथेच राहतात. कर्व्यांनी मात्र दुसऱ्याच वर्षी, १९१६ मध्ये, अवघ्या ५ विद्यार्थिनींनिशी विद्यापीठाचा आरंभ केला, आणि १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लक्ष रुपयांची देणगी दिल्यावर त्यास स्थैर्य आले.

ही कथा येथवरच सांगण्याचा शिरस्ता आहे; पण आपल्या विषयाच्या दृष्टीने खरा बोध तिच्या उत्तरार्धात आहे. या विद्यापीठाची ‘गृहीतागमा’ ही पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या स्त्रियांच्या विद्येस सरकारी दप्तरात मान्यता नव्हती. विद्यापीठाला वैधानिक दर्जा लाभला तो १९५१ साली, म्हणजे स्थापनेनंतर ३५ वर्षांनी. कल्पना उदात्त होती, चालक निःस्वार्थी होते, पैसाही उभा राहिला होता. तरीसुद्धा जोवर कायद्याने तिची नोंद घेतली नाही तोवर तिची किंमत एकेका विद्यार्थिनीला आपल्या पदरातून मोजावी लागली. समतेविषयीचा सल्ला नियमात, नोंदीत आणि अंदाजपत्रकात उतरेपर्यंत अपुराच असतो, असे जे माझे ठाम मत आहे, त्याला या इतिहासाहून बळकट आधार मला ठाऊक नाही.

आता आजच्या सल्लागाराकडे वळू. त्याच्या हाती हुकूम नसतो. तो कोणाची नेमणूक करू शकत नाही, बदली करू शकत नाही, दंडही करू शकत नाही. कायद्याचे काही आधार मात्र त्याला आहेत. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा प्रकरणात दिलेली मार्गदर्शक तत्त्वे, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा, त्याच वर्षीचा विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘सक्षम’ हा अहवाल, आणि त्यानंतर २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली आयोगाची विनियमावली, हे ते आधार होत. अशा छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीचे अध्यक्षपद ज्येष्ठ स्त्रीकडे असावे, सदस्यांत स्त्रिया निम्म्याहून कमी नसाव्यात, बाहेरचा एक सदस्य असावा, प्रकरण विद्यार्थ्यांचे असल्यास त्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत, तक्रारीची मुदत सामान्यतः तीन महिन्यांची व चौकशीची ९० दिवसांची असावी, असा तपशील त्यांत आहे. परंतु मला सर्वांत मोलाचे वाटणारे कलम निराळेच आहे: कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा वरिष्ठ अधिकारपदांवरील व्यक्तींनी या समितीचे सदस्य होऊ नये, असे ही विनियमावली सांगते. ज्याच्या स्वाक्षरीने बढती मिळते वा अडते, त्याच्यासमोर निर्भयपणे बोलणे कठीण असते, हे मनुष्यस्वभावाचे सत्य येथे नियमाच्या रूपाने मान्य झाले आहे. सल्लागारानेही आपले स्थान याच तत्त्वाने निश्चित करून घ्यावे. त्याने अधिकाऱ्यांशी सौजन्याने वागावे, पण त्यांच्या मर्जीवर अवलंबून राहू नये.

मात्र समित्या व तक्रारी एवढ्यावरच ज्याची दृष्टी थांबते, त्याला कामाचा अर्धा भागही दिसला नाही असे म्हटले पाहिजे. १९७२ साली स्थापन झालेल्या आणि आज डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव धारण करणाऱ्या कोकण कृषी विद्यापीठाचेच क्षेत्र घ्या. कृषिशिक्षण वर्गाच्या चार भिंतींत मावत नाही. ते प्रक्षेत्रावर, चिखलात, अवजारांच्या शाळेत आणि खेड्यांत चालते. पदवीच्या अखेरच्या वर्षी विद्यार्थिनी ‘कृषीकन्या’ म्हणून गावोगाव कार्यानुभवासाठी जातात. गावी त्यांच्या निवासाची सोय कोणी पाहावी, प्रक्षेत्रापासून स्वच्छतागृह किती दूर आहे, सायंकाळी परतण्यास एस. टी. आहे किंवा नाही, अडचण आल्यास कोणत्या अध्यापकाला कळवावयाचे, हे प्रश्न कार्यालयीन टिपणीत किरकोळ भासतात. पण एखादी हुशार मुलगी प्रक्षेत्रावरील संशोधनाचा विषय निवडते की प्रयोगशाळेतला सोयीचा विषय पत्करते, याचा निकाल पुष्कळदा त्यांच्याच उत्तरांवर लागतो.

याहूनही खोल प्रश्न विद्या कोणासाठी निर्माण होते हा आहे. घरचा पुरुष चाकरमानी होऊन मुंबईस गेला की कोकणातील भाताची लावणी, बेणणी, कापणी आणि गुरांची देखभाल बाईच्या अंगावर येते, हा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. तथापि सातबाऱ्यावर नाव बहुधा पुरुषाचे असते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितीधारकांपैकी स्त्रिया शेकडा सुमारे १४ होत्या. प्रशिक्षणाचे निमंत्रण खातेदाराच्या नावे निघाले, तर जी प्रत्यक्ष शेत कसते तिच्यापर्यंत विद्यापीठाचे ज्ञान पोहोचतच नाही, आणि यात कोणा एका अधिकाऱ्याचा दुष्ट हेतू असावा लागत नाही, नेहमीची वहिवाट पुरेशी होते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीच्या चळवळीतून जमीन घरधनिणीच्या नावे करण्याचा आग्रह धरला, त्याचे मर्म येथे ध्यानात येते. उलट दापोलीच्याच विद्यापीठाने दिलेला ‘वैभव’ हा दातेरी विळा पाहा: वजनाने हलका आणि कापणीचे श्रम कमी करणारा असल्याने तो स्त्रियांच्या हाती सुखाने चालतो. अवजार आखतानाच ते कोणाच्या मुठीत बसावयाचे आहे हा प्रश्न विचारला गेला, तर समता संशोधनाचा विषय होते. तो विचारला जावा याची तजवीज करणे हेही सल्लागाराचेच काम आहे.

ही तजवीज कशी करावी? माझ्या मते प्रत्येक सूचनेसोबत चार गोष्टी लेखी असल्याच पाहिजेत: जबाबदार अधिकाऱ्याचे पद, अंमलबजावणीची मुदत, खर्चाची बाब, आणि फलिताची नोंद कोणत्या कागदात व्हावी ती जागा. ‘प्रशिक्षणात महिलांचा सहभाग वाढवावा’ हे वाक्य सर्वांना मान्य होते आणि कोणालाच बांधून घेत नाही. ‘निमंत्रण खातेदाराबरोबरच प्रत्यक्ष कसणाऱ्या व्यक्तीच्या नावे काढावे आणि हजेरीपत्रकात दोहोंसाठी निराळे रकाने ठेवावेत’ हे वाक्य उद्यापासून अंमलात आणता येते. सल्लागार बदलतील, कुलगुरू बदलतील, उत्साहाच्या लाटाही ओसरतील. हजेरीपत्रकातला रकाना मात्र राहील, आणि दरवर्षी तो रिकामा का राहिला याचे उत्तर कोणाला तरी द्यावे लागेल.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. सल्लागार नेमला की समतेचा भार त्याच्यावर, आणि तो बहुधा स्त्री असल्याने तिच्या एकटीवर, टाकून इतरांनी मोकळे व्हावे, अशी प्रवृत्ती संस्थांत सहज बळावते. समता हे प्रत्येक विभागप्रमुखाचे, प्रत्येक अध्यापकाचे आणि संस्थेच्या प्रमुखाचे मूळ कर्तव्य आहे. सल्लागार त्या कर्तव्याची आठवण, माहिती आणि मार्ग पुरवितो, ते पार पाडण्याची जबाबदारी मात्र ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांचीच राहते.

पुढील लेखांकात विद्यापीठांच्या अंदाजपत्रकांत स्त्रियांसाठीच्या तरतुदी कशा मांडल्या जातात आणि त्या कशा वाचाव्यात, याचा विचार करू.