झोपेचं कबुतर

‘अंथरुणावर पडलं की, आज तरी झोप लागेल ना, या धास्तीनेच ती उडते. संध्याकाळी टीव्हीसमोर मात्र मान कधी कलंडते तेही कळत नाही. असं का होतं?’ एका वाचक बाईंचा हा प्रश्न. त्यातली टीव्हीची नोंद मला फार मोलाची वाटते. टीव्हीसमोर आपल्याला झोपायचं नसतं, म्हणूनच तिथे झोप लागते.

बर्नचे डॉक्टर पॉल द्युबुआ झोपेला कबुतराची उपमा देत. लक्ष दिलं नाही, तर ते हाताजवळ निवांत बसून राहतं. धरायला गेलात की भुर्रकन उडतं. पुढे व्हिएन्नाच्या व्हिक्टर फ्रँकल यांनी याच सूत्रावर उपचार बेतला. निद्रानाशाच्या रुग्णाला ते सांगत, आज झोपायचंच नाही, जागं राहायचा प्रयत्न करा! फ्रँकल जगाला ठाऊक आहेत. कबुतरवाले द्युबुआ मात्र विस्मरणात गेले, याची मला हळहळ वाटते.

1996 साली डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी हे कबुतराचं सूत्र प्रयोगातून तपासलं. काहींना सांगितलं, शक्य तितक्या लवकर झोपा. इतरांना, वाटेल तेव्हा झोपा. कानाशी कोणाला शांत संगीत, तर कोणाला लष्करी बँडची धडाकेबाज धून. बँड ऐकणाऱ्यांत ज्यांना घाई होती, त्यांनाच झोपायला जास्त वेळ लागला. वेग्नर यांच्या मते, मनाचा एक भाग झोपेच्या मागे लागतो, तेव्हा दुसरा ‘लागली का?’ म्हणून पहारा देतो. मनावर ताण असला की हा पहारेकरीच वरचढ ठरतो. रात्री अडीचला मोबाइल उचलून, ‘आत्ता लागली तर साडेतीन तास मिळतील’ असा हिशेब मांडणारा तोच.

अशा बऱ्याच रात्री गेल्या की अंथरूण म्हणजेच जागरण, अशी गाठ मनात पक्की बसते. ती सोडवण्यासाठी रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये साधा नियम दिला: झोप येत नसेल तर उठा, दुसऱ्या खोलीत जा, डोळे जड झाले की परत या. आर्थर स्पीलमन यांनी त्याहून मार्मिक गोष्ट दाखवली. परीक्षा, आजारपण, नोकरीची चिंता यांनी झोप बिघडते. पण ते कारण सरल्यावरही निद्रानाश टिकतो तो आपण केलेल्या उपायांमुळे. लवकर आडवं होणं, सकाळी लोळत राहणं, दुपारी झोप भरून काढणं.

मनगटावरच्या घड्याळाने दिलेले झोपेचे गुण हा याच माळेतला नवा मणी. हालचाल आणि नाडी यांवरून ते झोपेचा अंदाज बांधतं. मेंदूच्या लहरी त्याला दिसत नाहीत. या गुणांपायी झोपेची चिंता जडलेले रुग्ण पाहून अमेरिकेतल्या केली बॅरन आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये त्या अवस्थेला ‘ऑर्थोसोम्निया’ असं नावच दिलं. झोप सुधारण्याच्या नावाखाली विकलं जाणारं यंत्र झोपेवरच पहारा बसवतं, हे मला मुळीच पटत नाही.

तेव्हा बाई, आज रात्री घड्याळ भिंतीकडे फिरवून ठेवा आणि उठायची वेळ रोज एकच ठेवा. आठवड्यातून तीन रात्री, असं तीन महिने चाललं असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवा. सवयी आणि विचार बदलणाऱ्या उपचाराबद्दल त्यांना आवर्जून विचारा. जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी तोच करावा, अशी अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सची 2016 पासूनची शिफारस आहे.