तांबडा दिवा काय सांगतो?



दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातील ही गोष्ट. मी माझ्या धाकट्या भावाकडे उतरलो होतो. त्याची मुलगी दहावीत आहे. एका शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज संगणकावरून भरायचा होता आणि त्याची मुदत त्याच रात्री बारा वाजता संपत होती. सव्वानऊच्या सुमारास ती अर्ज भरायला बसली, तर पान उघडेचना. पडद्यावर एक चक्र नुसते गरगर फिरत राहिले. कोपऱ्यातील इंटरनेटच्या पेटीवर एक तांबडा दिवा उघडझाप करीत होता. मोबाईलवरून अर्ज भरावा म्हटले, तर त्या घरात मोबाईलची रेंज जेमतेम.

मग घरात मतांना ऊत आला. आजी म्हणाली, "परवाच्या पावसानं तार भिजली असेल." भाऊ म्हणाला, "या महिन्याचं बिल भरायचं राहिलं की काय?" पुतणी म्हणाली, "वाय-फायच बिघडलंय. काका, मी रीसेट करू का?" तिच्या हातात टाचणी तयारच होती.

मी म्हटले, "थांब. टाचणी खाली ठेव. आपण अर्धा तास शोध घेऊ. तोवर जमलं नाही, तर शेजारी जाऊन अर्ज भरू. काम महत्त्वाचं. पण आधी पेटी काय सांगते ते तरी ऐक."

त्या अर्ध्या तासात आम्ही काय केले ते तुम्हांला सांगतो. तुमच्याही घरी असा प्रसंग येईल. शिवाय प्रयोगशाळेत तुम्ही जी पद्धत शिकता, तीच येथे कशी कामी येते तेही दिसेल.

वाट कशी आहे?

बिघाड शोधायचा तर आधी वाट माहीत हवी. या पेटीला आपण सर्रास 'मॉडेम' म्हणतो. 'मॉड्युलेटर' आणि 'डिमॉड्युलेटर' या दोन शब्दांच्या सुरुवातीच्या अक्षरांपासून हा शब्द बनला आहे. टेलिफोनची तांब्याची तार माणसाच्या बोलण्यासाठी घातलेली होती. बोलणे पोहोचवण्यासाठी तिच्यावरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंप्रतेचे संदेश नेले जात. संगणकाची भाषा शून्य आणि एक या दोनच अंकांची. तिचे तारेला झेपतील अशा लहरींत रूपांतर करायचे आणि दुसऱ्या टोकाला त्या लहरींतून पुन्हा अंक काढायचे, हे मॉडेमचे काम. पुढे त्याच तारेतून आवाजाच्या पट्ट्याच्या वरच्या, दहा लाख हर्ट्झच्याही पुढे जाणाऱ्या कंप्रता वापरण्याची युक्ती निघाली आणि ब्रॉडबँड घरोघरी आले.

आता अनेक घरांत तांब्याच्या तारेऐवजी काचेचा तंतू येतो. त्याला लोक 'फायबर' म्हणतात. केंद्रातून निघालेला प्रकाश एका तंतूतून येतो. वाटेत एक विभाजक असतो. तो हा प्रकाश ३२ किंवा ६४ घरांत वाटून देतो. घरातील पेटी त्या प्रकाशाचे विद्युत-संदेशात रूपांतर करते आणि वाय-फायच्या रेडिओलहरींनी तो संदेश संगणकाला किंवा मोबाईलला देते.

म्हणजे साखळी अशी झाली : केंद्र, विभाजक, घरात येणारा तंतू, पेटी, वाय-फाय, संगणक. शिवाय पेटीला वीज पुरवणारा ॲडॉप्टर वेगळाच. यांतील एक कडी तुटली तरी पडद्यावर दिसते ते एकच, गरगर फिरणारे चक्र. म्हणून केवळ पडद्याकडे पाहून बिघाड कळत नाही.

प्रत्येक मताची परीक्षा

आता घरातील तीन मतांकडे पाहा. मत असणे वाईट नाही. विज्ञानातही सुरुवात तर्कानेच होते. पण तर्क खरा असेल तर आणखी काय दिसायला हवे, हा प्रश्न पुढे विचारावा लागतो.

वाय-फाय बिघडले असते, तर संगणक पेटीशी जोडलाच गेला नसता. आम्ही काय केले? पेटीचा स्वतःचा पत्ता संगणकात टाकला. हा पत्ता बहुधा पेटीच्या खालच्या बाजूला छापलेला असतो. पुष्कळ पेट्यांचा तो १९२.१६८.१.१ असा असतो. लगेच पेटीचे पान उघडले! म्हणजे संगणक ते पेटी ही वाट ठीक होती. पुतणीचे मत गळाले. पेटी चालू होती, त्या अर्थी ॲडॉप्टरही ठीक होता.

बिल थकले असते तर? सेवा देणारे लोक अशा वेळी खाते बंद करतात. तंतूतून येणारा प्रकाश सहसा तोडत नाहीत. पण आमच्या पेटीवर तांबडा दिवा लागत होता तो 'एल.ओ.एस.' या अक्षरांपाशी. त्याचा अर्थ 'संदेश नाहीसा झाला', म्हणजे तंतूतून पुरेसा प्रकाशच येत नाही. भावाचे मतही मागे पडले.

राहिले आजीचे मत. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे पावसाने तंतू भिजला तरी तांब्याच्या तारेसारखा घोटाळा होत नाही. पण वादळात फांदी पडून तंतू तुटू शकतो. म्हणून आजीचे मत एकदम टाकून देता येईना. मात्र रस्त्यावरचा मुख्य तंतू तुटला असता, तर त्याच तंतूवरची इतर घरेही बंद पडली असती. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे त्याच सेवेची जोडणी आहे. पुतणी धावत जाऊन विचारून आली. त्यांच्याकडे सारे सुरळीत होते!

तुमच्या लक्षात आले ना? केंद्रापासून विभाजकापर्यंतची काही किलोमीटरची वाट एका प्रश्नासरशी निर्दोष ठरली. आता बिघाड उरला तो विभाजकापासून आमच्या पेटीपर्यंतच्या काही मीटर तंतूत, किंवा पेटीच्या आत. आम्ही एकही वस्तू उघडली नव्हती आणि एकही बटण दाबले नव्हते.

कपाटामागचे रहस्य

मग आम्ही हातात विजेरी घेऊन तंतूच्या मागोमाग निघालो. खिडकीतून तो आत आला होता, भिंतीच्या कडेने पुढे गेला होता आणि कपाटाच्या मागे दिसेनासा झाला होता. "हे कपाट कालच सरकवलं," आजी म्हणाली, "जळमटं काढायला." कपाट दोन बोटे पुढे ओढले. त्याची पाठ आणि भिंत यांच्यामध्ये तंतूची घडी पडली होती, कागदाची पडावी तशी. हलक्या हाताने तो सोडवला आणि त्याला मोठे, सैल वळण दिले. मिनिटभरात तांबडा दिवा विझला. शेजारचा हिरवा दिवा आधी लुकलुकला आणि मग स्थिर झाला. दहाला दहा कमी असताना अर्ज रवाना झाला. तंतू तुटला नव्हता, हे आमचे नशीब!

पण नुसत्या घडीने प्रकाश का अडावा? दहावीच्या पुस्तकातील प्रकाशाचे अपवर्तन, म्हणजेच वक्रीभवन, आठवा. प्रकाश घन माध्यमातून विरळ माध्यमाकडे जाताना आपाती कोन क्रांतिक कोनापेक्षा मोठा असेल, तर तो बाहेर पडतच नाही. सारा प्रकाश आत परततो. यालाच पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. काचतंतूचा गाभा अवघा ९ मायक्रोमीटर जाडीचा असतो आणि त्याच्याभोवती किंचित कमी अपवर्तनांकाच्या काचेचे आवरण असते. दोन्ही मिळून जाडी १२५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. इतक्या बारीक गाभ्यात प्रकाश लहरीच्या रूपाने पुढे सरकतो आणि त्याचे नेमके गणित अधिक गुंतागुंतीचे आहे, पण मूळ कल्पना हीच. तंतू सरळ असला किंवा सावकाश वळला, तर प्रकाश आतच राहतो. घडी पडली की त्या जागी कोन बदलतो आणि प्रकाश आवरणातून बाहेर गळतो. म्हणून साध्या तंतूला साधारण ३ सेंटीमीटरपेक्षा कमी त्रिज्येचे वळण देऊ नये असा संकेत आहे. घरगुती जोडणीसाठी अधिक वळण सोसणारे तंतूही मिळतात, पण घडी त्यांनाही चालत नाही.

आणि मुळात गळायला प्रकाश असतो तरी किती? केंद्रातून काही मिलिवॅट प्रकाश निघतो. तो ३२ घरांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला जास्तीत जास्त बत्तिसावा भाग येतो. सुमारे २ मायक्रोवॅटपर्यंतचा क्षीण प्रकाशही पेटी ओळखू शकते. त्याहून कमी झाला की तांबडा दिवा! काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून संदेश दूरवर नेता येतील, हे १९६६ साली चार्ल्स काओ यांनी दाखवून दिले. त्या कामासाठी त्यांना २००९ साली भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रतिध्वनीने मोजमाप

समजा, दोष घरात सापडलाच नसता, तर लाइनमनने काय केले असते? त्याच्याकडे प्रकाशाचा प्रतिध्वनी ऐकणारे यंत्र असते. ते तंतूत प्रकाशाचा एक क्षणिक झोत सोडते. तुटलेल्या जागेवरून थोडा प्रकाश परत येतो. त्याला लागलेला वेळ मोजला की अंतर कळते. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो. आता गणित करा : झोत परत यायला १० मायक्रोसेकंद लागले, तर तंतू किती अंतरावर तुटला? (उत्तर : एकूण प्रवास २ किलोमीटर, म्हणून दोष १ किलोमीटरवर.)

संगणकालाही अशी हाक देता येते. 'पिंग' नावाचा छोटा कार्यक्रम संदेश पाठवतो आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते सांगतो. माइक मूस यांनी तो डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला आणि पाणबुड्यांचा ठाव घेणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याला हे नाव दिले. संगणकाच्या आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत 'पिंग' हा शब्द, मोकळी जागा आणि पत्ता असे इंग्रजी अक्षरांत व आकड्यांत लिहायचे. प्रथम पेटीला हाक द्या. मग ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला द्या. तो गूगलच्या सार्वजनिक नामसेवेचा पत्ता आहे. मग एखाद्या संकेतस्थळाला नावाने हाक द्या. पेटी उत्तर देते पण बाहेरचा पत्ता देत नाही, तर दोष बहुधा पेटीच्या पलीकडे. आकड्यांचा पत्ता उत्तर देतो पण कोणत्याच नावाचा पत्ता सापडत नाही, तर नावावरून आकडा शोधून देणारी नामसेवा अडली असावी. मात्र एका जागेवरून उत्तर आले नाही म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका. काही संगणक मुद्दामच अशा हाकेला ओ देत नाहीत.

कधी कधी दोष फारच दूर असतो. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरच्या दोन केबली तुटल्या आणि भारतातील इंटरनेट मंदावले. त्या दिवशी घरची पेटी कितीही वेळा बंद-चालू केली असती, तरी काय उपयोग?

हे लक्षात ठेवा

१. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि पेटी चालू झाली, तर खरा दोष कोणता ते कधीच कळणार नाही.

२. बंद करून चालू करणे वेगळे आणि रीसेट करणे वेगळे. बटण बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू केल्यास पेटी नव्याने सुरुवात करते आणि तिच्या नोंदी शाबूत राहतात. टाचणीने रीसेटचे बटण दाबून धरल्यास नोंदी पुसल्या जातात. त्यांत सेवा देणाऱ्याने भरलेली माहितीही जाऊ शकते. त्या रात्री टाचणी दाबली असती, तर घडी तशीच राहिली असती आणि वर एका नव्या अडचणीची भर पडली असती.

३. पेटीतून तंतूचे टोक काढून त्यात डोकावू नका. आत लेसरचा प्रकाश असतो. त्याची तरंगलांबी १४९० नॅनोमीटर असल्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. तुटलेल्या तंतूची कुसळे बोटात शिरतात, त्यांनाही हात लावू नका. ॲडॉप्टर उघडू नका. त्यात २३० व्होल्ट येतात.

४. तुमच्याकडे अजून तांब्याची तार असेल, तर विजा कडाडत असताना ती आणि ॲडॉप्टर दोन्ही काढून ठेवा. विजा सुरू होण्यापूर्वीच काढलेले अधिक चांगले.

शेवटी एक काम सांगतो. ते आजच करा. पेटी नीट चालू असताना तिच्या दिव्यांचे चित्र वहीत काढा. कोणता दिवा हिरवा, कोणता लुकलुकणारा, कोणता विझलेला ते लिहा. पेटीला हाक दिल्यावर किती मिलिसेकंदांत उत्तर येते तेही लिहा. निरोगी माणसाची नाडी कशी चालते हे माहीत असेल तरच डॉक्टरला ताप कळतो. माझ्या पुतणीने दुसऱ्याच दिवशी असे पान तयार करून पेटीशेजारी भिंतीवर चिकटवले आहे. त्याच्या तळाशी तिने लिहिले आहे : 'आधी कपाटामागे पाहणे.'