शेवटच्या खोलीचा नंबर
यूएसबीच्या खोडी : लेखांक नववा

वर्णनपत्राचे पहिले चौसष्ट बाइट मागण्याच्या विंडोजच्या रिवाजाविषयी या आठवड्यात लिहिण्याचे मी कबूल केले होते. परंतु रत्नागिरीच्या एका वाचकांचे मध्यंतरी जे पत्र आले, त्याने माझ्या इतक्या जिव्हाळ्याच्या विषयाला हात घातला की, ते चौसष्ट बाइट तहकूब ठेवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. त्यांचा जुना कॅमेरा शेजाऱ्यांच्या विंडोजच्या संगणकास जोडला म्हणजे निमूटपणे छायाचित्रे देतो, पण स्वतःच्या लिनक्सला जोडताच क्षणभर दिवा लुकलुकवून असा मुका होतो की केबल उपसल्याखेरीज शुद्धीवर येत नाही. तर यात गुन्हेगार कोण, असा त्यांचा सवाल आहे.

यूएसबीवरून जोडलेले साठवणीचे साधन बोलते ते स्कझीच्या जुन्या भाषेत, आणि जोडणी होताच त्यास विचारले जाते की तुझी क्षमता किती. या 'रीड कपॅसिटी' नामक हुकुमाचे उत्तर अवघ्या आठ बाइटांचे असते: चार बाइटांत शेवटच्या सेक्टरचा क्रमांक आणि चारांत एका सेक्टरची लांबी. एकूण सेक्टर किती, हे प्रमाणग्रंथाने विचारलेलेच नाही, आणि सारा अनर्थ येथेच आहे. शंभर खोल्यांच्या ज्या चाळीत पहिल्या खोलीवर शून्य हा आकडा रंगवला आहे, तेथील शेवटच्या खोलीचा नंबर नव्व्याण्णव. पण नव्या मुकादमास तो विचारला असता त्याने घाईघाईने "शंभर" म्हणून सांगावे, तसे कित्येक कॅमेऱ्यांच्या फर्मवेअरने सांगितले. ऐकणाऱ्याने नियमाप्रमाणे त्यात एक मिळवला आणि न बांधलेली एक खोली दप्तरी चढली.

ज्या यंत्रणेवर हे कॅमेरे पारखून बाजारात आले, तिला त्या खोलीचे दार ठोठावण्याचे सहसा कारण पडत नसे, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे बिनबोभाट राहिली. लिनक्सवरील डिस्क ओळखणारे शोधक मात्र चौकस. जीपीटी विभागपत्रकाच्या शीर्षाची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये असते, अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या रेडच्या काही खुणा शेवटाकडे असतात, म्हणून ते प्रथम तेथवर जाऊन येतात. सभ्य साधन अशा वेळी "असा सेक्टर नाही" एवढा जबाब देऊन मोकळे होईल. हे कॅमेरे जबाबच देत नाहीत.

यावर उपाय म्हणून लिनक्सच्या कर्नलमध्ये 'अनयूज्वल-डेव्ह्ज' नावाची एक फाइल आहे, जिला मी मनाशी खोडींचे दप्तर म्हणतो. प्रत्येक नोंदीत निर्मात्याचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक, फर्मवेअरची कोणत्या आवृत्तीपासून कोणत्या आवृत्तीपर्यंतची मर्यादा, नाव आणि शेवटी 'फिक्स कपॅसिटी'सारखा शेरा, म्हणजे उत्तरातून एक वजा करा. निकॉनचे डी-७०, डी-८० आदी कॅमेरे तेथे एके काळी ओळीने उभे होते. ॲपलचे आयपॉड त्या रांगेत अजूनही आहेत.

प्रत्येक नव्या कॅमेऱ्यासाठी नवी ओळ लिहिण्याचा कंटाळा अखेर कोणालाही येणारच. तेव्हा नोकिया, निकॉन, पेंटॅक्स आणि मोटोरोला या चार निर्मात्यांपुरता एक अंदाज बसवण्यात आला, आणि तो मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत रसाळ भाग वाटतो. सेक्टरांची खरी संख्या जवळजवळ नेहमी सम असते. १०,००,९४४ सेक्टरांचे ५१२ एमबीचे कार्ड घ्या. त्याच्या शेवटच्या सेक्टरचा क्रमांक १०,००,९४३. कॅमेऱ्याने चुकून १०,००,९४४ सांगितला की बेरीज १०,००,९४५, म्हणजे विषम येते, आणि विषम दिसताच कर्नल एक वजा करतो. काटेकोर शास्त्र्यांना हा न्याय पटणार नाही, मलाही तो पहिल्यांदा वाचताना चोरवाटेसारखा वाटला होता. पण समविषम पाहून खोटे ओळखण्याइतकी स्वस्त परीक्षा दुसरी सुचवून दाखवावी. जेथे ती निरपराध्यास दंड करील, तेथे 'कपॅसिटी ओके' हा अपवादाचा अपवादही आहे. कारण प्रामाणिक डिस्कमधून एक वजा केला तर तिची खरीखुरी शेवटची खोली कायमची कुलूपबंद होते.

(काही कार्डवाचकांची तऱ्हा आणखी वेगळी: शेवटचा सेक्टर त्यांच्यापाशी असतो, पण शेजाऱ्यांसह एकदम मागितला तर ते अडून बसतात. त्यांच्यासाठी कर्नल शेवटचे आठ सेक्टर एकेक करून मागतो.)

तेव्हा रत्नागिरीकरांनी असे करावे. 'एलएसयूएसबी'ने कॅमेऱ्याचे दोन्ही क्रमांक पाहून, 'यूएसबी-स्टोरेज'च्या 'क्वर्क्स' या पर्यायात ते विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी जोडावेत, पुढे तशीच दोन टिंबे देऊन 'सी' हे अक्षर लिहावे आणि कॅमेरा पुन्हा जोडावा. सेक्टरांची संख्या एकाने उतरली आणि कॅमेरा जागा राहिला, तर निदान ठरले. मग त्याची फर्मवेअर आवृत्तीही मला अवश्य कळवावी. आवृत्तीची मर्यादा नसलेली नोंद दप्तरात घालणे मला बरे वाटत नाही, कारण निर्मात्याने पुढच्या आवृत्तीत चूक दुरुस्त केली असेल तर आपणच एक सेक्टर चोरल्यासारखे होईल.