काट्यांची धर्मशाळा

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, सोनोरन वाळवंटात, उन्हाळ्याच्या दुपारी जमीन ६० अंश सेल्सिअसच्याही वर तापते. उघड्यावर अडकलेला सरडा अशा वेळी फार काळ तग धरत नाही. जवळ निवडुंगाच्या बुंध्याशी काटक्याकुटक्यांचा ढीग असेल, तर मात्र तो वाचतो. उकिरड्यासारखा दिसणारा हा ढीग म्हणजे पॅकरॅट या उंदराचं घर.

दीड-दोनशे ग्रॅम वजनाचा हा प्राणी रात्री बाहेर पडतो आणि मिळेल ते ओढून आणतो: काटक्या, हाडं, वाळलेलं शेण आणि मुख्य म्हणजे चोया निवडुंगाचे काटेरी तुकडे. त्या काट्यांतून तो स्वतः सहज ये-जा करतो. कोयोटीसारखा शिकारी मात्र ढीग उकरताना दहादा विचार करतो. वाळवंटातला कांगारू रॅट कोरड्या बिया खाऊन, पाणी न पिताही जगतो. पॅकरॅटला ते साधत नाही. रसदार निवडुंग खाऊनच तो पाण्याची गरज भागवतो. त्यातलं ऑक्झलेट इतर अनेक प्राण्यांना घातक ठरतं. याच्या पोटातले जीवाणू ते पचवतात. पण कमावलेलं पाणी उन्हात गमवायचं नसेल, तर दिवसभर सावली हवीच. ढिगाच्या पोटात बाहेरच्यापेक्षा गारवा असतो आणि ओलावाही टिकतो.

नेमक्या याच गोष्टींची वाळवंटात सगळ्यांना ओढ. त्यामुळे सरडे, विंचू, कोळी, भुंगे या धर्मशाळेत मुक्कामाला येतात. वाळवंटी कासवंही तिच्या आडोशाला विसावतात. सगळेच पाहुणे सालस नसतात. रॅटलस्नेक आसऱ्याला येतो आणि संधी मिळाली तर यजमानालाच गिळतो. रक्त पिणारे ट्रायाटोमा ढेकूणही इथेच राहतात. चागास रोगाचे परजीवी त्यांच्यामार्फत पसरू शकतात.

एक पॅकरॅट मेला की दुसरा त्याच घरात शिरतो आणि भर घालत राहतो. कड्यांच्या कपारीत, पाऊस न लागणाऱ्या जागी, सुकलेल्या मूत्रात घट्ट झालेले असे साठे हजारो वर्षं टिकतात. फिलिप वेल्स आणि क्लाइव्ह जॉर्गेनसन यांनी १९६४ साली नेवाडातल्या अशा साठ्यांतले ज्युनिपरचे अवशेष अभ्यासले. आज उजाड असलेल्या तिथल्या टेकड्यांवर हिमयुगात ही झाडं होती, हे त्यातून कळलं.

माणसाच्या घराला लागून असा ढीग असेल, तर ढेकणांमुळे तो हटवणं रास्तच. रानातला ढीग मात्र कचरा समजून मोडू नये. तो मोडला, तर एका उंदराबरोबर डझनभर जीव उघड्यावर येतात.