चाकू गेला, धाक उरला

पुरुष नसबंदीचा गेल्या सहा दशकांचा प्रवास पाहिला, की एक गोष्ट मनाला लागते. शस्त्रक्रिया सोपी होत गेली आणि पुरुष तिच्यापासून दूर जात राहिले.

1960च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत डॉ. डी. एन. पै यांनी थेट रेल्वे स्थानकांवर नसबंदी केंद्रे उघडली. तेव्हा जागेपुरती भूल देऊन अंडकोषाच्या पिशवीवर चाकूने छेद घेत, वीर्यनलिकेचा तुकडा कापून टोके बांधत आणि वर टाके घालत. मग आणीबाणी आली. 1976 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची मंजुरी त्याला मिळाली नाही, पण देशभरात त्या वर्षी 60 लाखांहून अधिक पुरुषांवर शस्त्रक्रिया झाल्या. धाक तेव्हाच घराघरांत शिरला.

त्याच्या दोनच वर्षे आधी, 1974 मध्ये, चीनच्या सिचुआन प्रांतात डॉ. ली शुनछियांग यांनी चाकू बाजूला ठेवला होता. गोल चिमट्याने नलिका कातडीवरूनच धरायची, टोकदार चिमट्याने बारीक छिद्र पाडून ते रुंदावायचे. टाक्याची गरजच नाही. 1987 मध्ये थायलंडच्या राजाच्या वाढदिवशी झालेल्या शिबिरात दोन्ही पद्धती शेजारी शेजारी वापरल्या गेल्या. चाकूच्या पद्धतीत शंभरामागे 3.1 जणांना त्रास झाला, बिनटाक्याच्या पद्धतीत 0.4 जणांना. 1990च्या दशकात ही पद्धत भारतात आली.

छिद्र कसे पाडले यावर रक्तस्राव आणि वेदना ठरतात. नलिका कशी बंद केली यावर यश ठरते. कापलेल्या दोन टोकांमध्ये नलिकेच्या आवरणाचा पडदा घातला, तर अपयश निम्म्यावर येते, हे 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखवले. तरीही तीन महिने दुसरे साधन वापरून वीर्यतपासणी करावीच लागते. हे न सांगितल्याने गर्भ राहिला, की संशय बायकोवर येतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 1992-93 मध्ये तीन टक्क्यांहून अधिक जोडप्यांत पुरुषाची नसबंदी झालेली होती. 2019-21 मध्ये 0.3 टक्के. स्त्रियांची मात्र 37.9 टक्के. अविभक्त आंध्र प्रदेशात पुरुष नसबंदीचे प्रमाण देशाच्या सरासरीहून बरेच वर असे. म्हणजे पुरुष तयारच होत नाहीत, हे खरे नाही. त्याच प्रदेशातल्या आदिलाबाद जिल्ह्यातील बाजारहत्नूरसारख्या मराठी, तेलुगू, गोंडी बोलणाऱ्या मंडळात प्रत्येक नवऱ्याला त्याच्या भाषेत ही माहिती मिळायला हवी. उद्दिष्टाच्या आकड्यासाठी नव्हे, तर नसबंदीसाठी पोट उघडण्याची पाळी दरवेळी बायकोवरच येऊ नये म्हणून.