पावतीवर वेळ नसते

गेल्या पावसाळ्यात भोरला आमच्या शेजारच्या खालांना रात्री अकराच्या सुमारास छातीत दुखू लागले. मुलाने ओळखीच्या एका खाजगी रुग्णवाहिकेला फोन लावला. 'पंधरा मिनिटांत आलोच भाई,' असे उत्तर मिळाले. गाडी दारात आली तेव्हा सव्वाबारा वाजून गेले होते आणि तिथून पुढे पुणे गाठायचे होते. अल्लाहच्या मेहरबानीने खाला वाचल्या.

आठवड्याने त्या मुलाने मला पावती दाखवली. किलोमीटर, दर, थांबण्याचे पैसे, एकूण रक्कम, सारे व्यवस्थित होते. फोन कधी आला, गाडी कधी पोहोचली, याचा मात्र त्यावर रकानाच नव्हता. शाळेत मला दहा मिनिटे उशीर झाला तर मस्टरवर लाल शेरा पडतो!

खाजगी रुग्णवाहिकेवर सरकारची नजर नाही असे नाही. गाडीची नोंदणी आणि योग्यता आरटीओ तपासते. गाडीच्या प्रकारानुसार भाडेही ठरवून दिलेले असते. कोरोनाच्या काळात मनमानी भाडे आकारले जाऊ लागले, तेव्हा 11 सप्टेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना वाजवी दर ठरवण्यास सांगितले. म्हणजे जास्त पैसे घेतले तर तक्रार करता येते. तासभर उशीर केला तर कोणत्या नियमावर बोट ठेवायचे?

108 ची गोष्ट वेगळी आहे. जानेवारी 2014 मध्ये राज्यात ही मोफत सेवा 937 गाड्यांनिशी सुरू झाली. त्यांपैकी 233 गाड्यांत अतिदक्षतेची साधने होती. शहरात 20 आणि ग्रामीण भागात 30 मिनिटांत पोहोचायचे, असे उद्दिष्ट ठेवले गेले. फोन पुण्यातल्या नियंत्रण कक्षात जातो, तिथे वेळ नोंदली जाते. नोंद असली की माहितीच्या अधिकारात ती मागता येते.

अर्थात आपल्याकडच्या वाटा पाहिल्या की 30 मिनिटे हा आकडाही फार धाडसी वाटतो. भाटघरच्या पाण्यापलीकडची गावे, वरंधा घाटाकडचे हिर्डस मावळ, पानशेतच्या मागच्या वाड्या. कित्येक ठिकाणी रेंजसाठी आधी टेकाड चढावे लागते, मग फोन. वेल्ह्याची (आता राजगड तालुका) लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत जेमतेम 54 हजार होती, तीही डोंगरात विखुरलेली. खाजगी मालक तिथे गाडी उभी करणार नाही. त्याचा धंदा मोठ्या दवाखान्यांच्या फाटकासमोर असतो आणि त्यात त्याला दोष देता येत नाही. म्हणून नुसता मिनिटांचा नियम करून भागणार नाही, रात्री गाडी कुठे उभी असते हेही सरकारला विचारावे लागेल. परवान्याचे नूतनीकरण करताना वेळेची नोंदवही मागितली तरी सुरुवात होईल, असे मला वाटते.

तोवर घरातल्यांनी एवढे करावे. खाजगी गाडी बोलावली तरी 108 ला फोन करायचाच. गरोदर बाई किंवा तान्हे बाळ असेल तर 102. पत्ता सांगताना फाटा, मशीद, शाळा अशी खूण सांगावी आणि एकाने बॅटरी घेऊन रस्त्यावर उभे राहावे. फोन केल्याची वेळ मोबाईलमध्ये राहते, तो कॉल पुसू नये.

आणि हो, ही गोष्ट फक्त दुसऱ्यांची नाही. ठिकठिकाणच्या आपल्या जमाती खिदमत म्हणून रुग्णवाहिका चालवतात, त्यांच्याकडे तरी अशी वही कुठे असते? खालांच्या प्रसंगानंतर आमच्या मोहल्ल्याच्या गाडीत आम्ही एक वही ठेवली. तिच्यातली पहिलीच नोंद अशी: फोन 2.40, गाडी निघाली 3.05, रुग्णाच्या दारात 3.15. रस्ता दहाच मिनिटांचा होता. पंचवीस मिनिटे ड्रायव्हरला उठवण्यात आणि चावी शोधण्यात गेली होती. आता चावी मशिदीच्या दाराशी खिळ्याला असते आणि रात्रीच्या ड्रायव्हरचे नाव शुक्रवारी फळ्यावर लिहिले जाते.