गाडी पेट्रोल का पिते?

गाडी तीच, रस्ता तोच, टायरमधली हवाही बरोबर. तरी मायलेज घसरलंय आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलाय. अशा वेळी ऑक्सिजन सेन्सरवर संशय घ्यायला हरकत नाही.

बोटाएवढा हा सेन्सर इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीत बसवलेला असतो. त्याच्या टोकाला झिर्कोनिया या सिरॅमिकचं टोपण असतं. टोपणाच्या आत मोकळी हवा, बाहेर इंजिनाचा धूर. साधारण ३०० अंशांच्या वर तापलं की दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकानुसार ते वीज तयार करतं. धुरात ऑक्सिजन उरला असेल तर जेमतेम ०.१ व्होल्ट, संपला असेल तर ०.९ च्या आसपास. त्यावरून इंजिनाचा संगणक पेट्रोल कमीजास्त करतो. धडधाकट सेन्सरचा आकडा सतत वरखाली नाचत असतो.

काजळी बसली की हे नाचणं मंदावतं. आकडा खालीच अडकला, तर जिभेची चव गेलेला आचारी मीठ टाकत राहतो तसा संगणक पेट्रोल ओतत राहतो. मग सायलेन्सरच्या तोंडाशी काळा थर, कच्च्या पेट्रोलचा वास, सिग्नलला थरथरणारं इंजिन.

दिवा पेटला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका मात्र. गळकी नळी किंवा खराब स्पार्क प्लगही असाच दिवा पेटवतात. आधी मेकॅनिकला स्कॅनर लावून आकडा नाचतोय का, ते बघायला सांगा.